न मागता

कार्डावर तनूच्या बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात एक नवी ओळ आली होती. कार्ड तेच, चहाचे डाग पडून कडेला पिवळं झालेलं, वरच्या कोपऱ्यात अर्चनानेच कधीतरी कंटाळून काढलेलं तुळशीचं पान. पण ‘वीस पावलांच्या आत कुणालाही जखम झाली तर ती तत्काळ भरून काढता येते’ या वाक्याखाली आता हिरव्या पेनने इंग्रजीत लिहिलं होतं : फक्त समोरच्याने मागितल्यावर. अर्चनाने चष्मा कपाळावर सारला, पुन्हा नाकावर घेतला. ओळ गेली नाही. रविवारची दुपार होती, लीड्सच्या मानाने ऊन बरं पडलं होतं, जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलून तनूने खेळाचा नकाशा अंथरला होता, आणि लॅबमध्ये कामाच्या ओघात स्क्रीनवर एखादा आकडा लाल व्हावा तशी ती ओळ अर्चनाला दिसत होती.

“हे काय गं?”

“बॅलन्सिंग,” तनू म्हणाली. “तुझी हीलर खूप ओव्हरपॉवर्ड आहे, आई. मी काल नोटबुक बघितला. चौदा टेस्ट केले ना आपण, त्यात तू अकरा वेळा होतीस. अकरा वेळा कुणीच नाही मेला. तू शिफ्टवर होतीस तेव्हा तीन गेम्समध्ये पाच लोक मेले.”

“मग चांगलंच आहे की.”

“नाही ना. कुणाला भीतीच नाही वाटत. बाबा तर सरळ मॉन्स्टरच्या तोंडात हात घालतात.”

“घालणारच,” मिलिंद म्हणाला. “आपल्या घरच्या हॉस्पिटलला वेटिंग लिस्टच नाही.” ईशिता तोंडावर हात धरून हसली. ईशिता परवा ईलिंगहून आली होती. केंब्रिजला दोघींना एकाच कॉलेजात जागा मिळाली, मग फोनवर मैत्री झाली, मग एकाच जिन्यावरच्या खोल्या मिळाल्या, मधे फक्त दोन दारं. या पोरीबद्दल अर्चनाला एवढीच माहिती होती, शिवाय ती वरणात साखर घालून खाते ही.

तनूने हा खेळ दोन वर्षं खपून स्वतः बनवला होता. त्यात स्क्रीन नव्हती की बटणं नव्हती, कागद, पेन्सिली, फासे आणि बोलणं. तनू गोष्ट सांगायची, बाकीचे त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचे. प्रत्येकाला एक खास शक्ती, दुसऱ्या कुणाला नसलेली. मिलिंदचा चोर कुठलंही कुलूप उघडायचा, ईशिताच्या मुलीला अंधारात दिसायचं, आणि अर्चनाची वैदीण जखमा भरायची. तिला त्यासाठी फासा टाकावा लागत नसे, आपली पाळी येईपर्यंत थांबावंही लागत नसे. शक्ती द्यायची पण ती खेळ खाऊन टाकेल एवढी नाही, हेच खरं कठीण असतं, असं तनू सांगायची, आणि ते सांगताना तिचे हात असे चालायचे की अर्चना ऐकायचं सोडून हातांकडेच बघत बसे. आजची पंधरावी चाचणी शेवटची होती. शनिवारी तनू केंब्रिजला जाणार होती.

आणि शनिवारपासून आणखी एक गोष्ट होणार होती. ती तनूने गुरुवारी, डिशवॉशर लावता लावता, चमच्यांच्या खणात चमचे टाकत सांगितली होती. “सॅटर्डेपासून मी तुला फॉलोमधून काढणार आहे, आई.” तनूच्या दंडावर पांढरी चकती आहे, दोन पौंडांच्या नाण्याएवढी. ती रक्तातली साखर मोजते आणि आकडा तनूच्या फोनवर आणि मनगटावरच्या घड्याळात पाठवते, आणि तिथून अर्चनाच्या फोनवर. चार ही खालची हद्द. तनू नवव्या वर्षी डायबेटिक झाली तेव्हापासून, आधी बोटं टोचून आणि मग या चकतीतून, अर्चना आकड्यांवरच जगत आली होती. पाच पूर्णांक आठ म्हणजे चहा निवांत प्यायला जातो. सात म्हणजे बसमध्ये पुस्तक वाचता येतं. बाणाचं टोक खाली वळलं की तिला समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येईनासं होतं. हे सगळं शनिवारी बंद होणार होतं, आणि तिने त्यावर फक्त “बरं” म्हटलं होतं, कारण अठरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय म्हणणार. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभी राहिली होती. तिला फार भीती वाटत होती. ती भीती तिने मिलिंदलासुद्धा सांगितली नव्हती, कारण या घरात न घाबरणं हे तिच्याकडे लागलेलं काम होतं.

ते काम तिच्याकडे कसं लागलं, हे मिलिंद पाहुण्यांना सांगतो. ईशितालाही त्याने पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं. तनू अकरा वर्षांची होती, फेब्रुवारीची सुट्टी, सकाळी आठ वाजता पोर उठेना. हाका मारल्या, गालावर पाणी मारलं, मग अंग ताठ होऊन झटके यायला लागले. “मी आपला पॅसेजमध्ये ॲम्ब्युलन्सवाल्याला पोस्टकोड सांगतोय, तोही चुकीचा, आणि हिने नारिंगी डबी फोडली, पावडर कालवली, इंजेक्शन दिलं. हात जरासुद्धा हलला नाही. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, नर्स आहे का ही. म्हटलं, नाही, लॅबमध्ये असते.” दर वेळी हे सांगताना त्याचा आवाज शेवटी किंचित घोगरा होतो, आणि अर्चना दर वेळी उठून काहीतरी आणायला आत जाते. कारण तसं झालं नव्हतं. पण झालं होतं तसं सांगायची वेळ निघून गेली, आणि मग न हलणारा हात हीच तिची शक्ती ठरली, जशी मिलिंदची कुलपं. ती नारिंगी डबी, साखर एकदम खाली गेली तर द्यायच्या इंजेक्शनची, तेव्हापासून तिच्या पर्समध्ये आहे. तारीख संपली की नवी येते. लग्नाला, कामाला, भाजी आणायला, डबी बरोबर. तिच्यामुळे पर्सची चेन कधी पूर्ण लागत नाही.

“सुरू करू?” तनूने विचारलं. फोन टोपलीत टाकले, हा टेबलाचा नियम होता. अर्चनाने आपला फोन टोपलीत टाकला, आणि कार्डिगनच्या खाली, मांडीवर, जुना फोन हाताने चाचपला.

या जुन्या फोनबद्दल कुणाला ठाऊक नव्हतं. वर्ष झालं असेल. त्याच्यावरही तनूचा आकडा येत होता, आणि त्याची घंटा अर्चनाने पाचवर लावली होती. तनूच्या घड्याळाची तीन पूर्णांक नऊवर. म्हणजे आकडा उतरायला लागला की तनूला कळायच्या दहाएक मिनिटं आधी अर्चनाच्या मांडीवर नुसती थरथर व्हायची, आणि ती उठायची. “चहा टाकते,” म्हणायची. किंवा “शंकरपाळे खाणार का सगळे?” स्टीलचा डबा टेबलाच्या मधे, तनूच्या हाताला लागेल असा. तनू गोष्टीच्या नादात चार उचलायची, ज्यूसचा ग्लास संपवायची, आणि बाणाचं टोक वर वळायचं. यात लबाडी आहे असं अर्चनाला पहिले काही महिने वाटलंच नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती वीस वर्षं हेच करत होती. तिथे रोगी मागत नाही, डॉक्टर मागत नाही. आकडा धोक्याचा दिसला की फोन उचलायचा, वॉर्डाला कळवायचं, कळवलेल्याची वेळ लिहायची. न मागता कळवणं हाच तर पगार होता. पण मग उन्हाळ्यात तनू एकदा सहज म्हणाली, “माझी बॉडी आता सेटल झालीये, आई. आफ्टरनूनला लो होतच नाही,” आणि त्या आनंदी चेहऱ्याकडे बघताना अर्चनाच्या हातातला शंकरपाळ्यांचा डबा एकदम जड झाला. तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने डबा टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं.

खेळ मिठाच्या खाणीत शिरला. तनू सांगत होती, भिंती पांढऱ्या आहेत, जिभेला चव लागते, लांबून कुणीतरी घासत घासत येतंय. चांगलं सांगायची. ईशिताच्या मुलीला अंधारात ते दिसलं, आणि नेहमीप्रमाणे मिलिंदचा चोर पुढे झाला, नेहमीप्रमाणे त्याने फासा वाईट टाकला. तनूने आपला फासा टाकला आणि क्षणभर वडलांकडे बघितलं. “तुम्ही पडलात, बाबा. डोकं आपटलं. रक्त जातंय.” अर्चनाचं बोट सवयीने कार्डावर गेलं आणि हिरव्या ओळीवर थांबलं. मिलिंदही सवयीने तिच्याकडे बघत होता.

“त्यांनी मागायला पाहिजे,” तनू म्हणाली.

“मागतो की. अगं अर्चना...”

“तुम्ही बेशुद्ध आहात, बाबा. तुम्हाला नाही बोलता येणार.”

“मग बेशुद्ध माणूस मागणार कसा?” अर्चना म्हणाली. तिला वाटलं त्यापेक्षा हे जोरात आलं. ईशिताने मान वर केली. तनूने पेनचं टोपण दातात धरलं. हा प्रश्न तिला सुचला नव्हता हे उघड होतं. चौदा चाचण्या करून, बारीक अक्षरात वह्या भरून, नेमकं हेच सुटलं होतं, आणि अर्चनाला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तिला फक्त तो फेब्रुवारी दिसत होता. बंद पापण्या, आवळलेले दात, आणि त्या दातांमागे कुठेही नसलेला शब्द. सात वर्षं तिला कुणालातरी विचारायचं होतं ते हेच, आणि ते तिने एका चोराच्या निमित्ताने विचारलं होतं.

मांडीवर फोन थरथरला.

तिने खाली पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती. दुपारी पुरणपोळी होती. तनूने दोन पोळ्यांच्या हिशेबाने इन्सुलिन घेतलं होतं आणि ईशिताशी बोलण्याच्या नादात दीडच खाल्ली होती. उरलेली अर्धी अर्चनाने उचलून फ्रिजमध्ये ठेवली होती, ठेवताना मनात वेळही मोजली होती. आता चहा टाकायचा. शब्द तोंडात तयार होते. शंकरपाळ्यांचा डबा ओट्यावर, चार पावलांवर. तिने खुर्चीच्या कडेला हात लावला. शनिवारी ओटा लीड्सला राहील, डबा लीड्सला राहील, आणि ही पोरगी दीडशे मैलांवर असेल, आपली बॉडी सेटल झाली आहे असं समजून. तिचा बाण खाली वळेल तेव्हा कुणी चहा टाकणार नाही. आपण हिला बरं केलं नाही, अर्चनाला वाटलं, आपण हिला नुसतं कळू दिलं नाही. तिने खुर्चीवरचा हात काढून दुसऱ्या हातात धरला आणि बसून राहिली.

मुलगी समोर हाताच्या अंतरावर घसरत असताना बसून राहणं म्हणजे काय, ते तिला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं. तिने शेवटी कार्डिगन जरासं सरकवून पाहिलं. चार पूर्णांक सहा. तनू बोलत होती, “असं करू का, की फासा टाकून ठरवायचं...” आणि ईशिता काहीतरी सुचवत होती. चार पूर्णांक तीन. तनूच्या वरच्या ओठावर घाम आला आहे का? ऊन तिच्याच बाजूला होतं. तनूने एकच वाक्य दोनदा सुरू केलं. हे लक्षण होतं, किंवा नुसती विचारात होती. चार पूर्णांक एक. चकती शरीराच्या मागून चालते, खरा आकडा याहून खाली असणार, हे अर्चनाला माहीत होतं, आणि माहीत असणं ही त्या घटकेला सगळ्यात वाईट गोष्ट होती. घड्याळाचं चार्जिंग संपलं असेल तर? बिघडलं असेल तर? वर्षभर ते टेबलाशी वाजलंच नव्हतं, कुणाला ठाऊक वाजतं की नाही. तीस मोजायचे, तिने ठरवलं, आणि मग उठायचं, मग काय व्हायचं ते होवो. तिने अठ्ठावीस मोजले.

घड्याळ वाजलं.

“अरे,” तनू म्हणाली. तिने मनगट कानाशी नेलं, डोळ्यांसमोर आणलं. “हे काय आता?” मग उठली नाही, घाबरली नाही, फाशांच्या थैलीत हात घालून तळाशी चाचपत जेली बेबीजच्या गोड गोळ्यांचं पाकीट काढलं. इमर्जन्सीचं, टेबलासाठीचं. ते इतकं जुनं झालं होतं की आतल्या लाल, हिरव्या, पिवळ्या बाहुल्या एकमेकींना चिकटून त्यांचा एक गोळा झाला होता. तनूने तो दातांनी तोडला. तोडता तोडता तिचा जबडा मंदावला. ती पाकिटावर आपणच लिहिलेली तारीख बघत होती.

“मागच्या ऑटमचा आहे हे. म्हणजे मी वन इयर इथे...” ती थांबली. ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं, आणि मग आईच्या मांडीकडे, जिथे कार्डिगनमधून फोनचा उजेड दिसत होता. ही मुलगी दोन वर्षं दुसऱ्यांच्या शक्तींची गणितं मांडत होती, तिला अजून काही सांगावं लागलं नाही. “तुझी अलार्म किती वर आहे, आई?”

“पाच.”

मिलिंद म्हणाला, “काय पाच?”

“म्हणजे माझी इयर फेक होती,” तनू म्हणाली. आवाज वर गेला नाही, तोच तर त्रास होता. “मी डॉक्टरला सांगितलं की आफ्टरनूनला लो होत नाही. त्याने लंचचा डोस तसाच ठेवला. मी तो डोस घेऊन केंब्रिजला जाणार होते.”

“माझं चुकलं,” अर्चना म्हणाली. तनूचं मराठी सुधारायची जुनी सवय कुठल्या कुठे गेली होती. “मला वाटलं मी... आज उठले नाही मी, तनू. मुद्दाम नाही उठले.” म्हटल्यावर तिला कळलं की हे कौतुक मागितल्यासारखं झालं. गोड खाल्लं की पंधरा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा बघायचं. चौघं ती पंधरा मिनिटं बसून राहिली. ईशिताने नकाशावरचे फासे एका ओळीत लावले, मग उलट्या क्रमाने लावले. मिलिंदचा चोर खाणीत तसाच पडून होता. अर्चनाने जुना फोन मांडीवरून उचलला आणि टोपलीत, बाकीच्या फोनांवर, ठेवला. टोपलीतून तो आणखी एकदा थरथरला आणि मग थांबला.

“फाइव्ह पॉइंट टू,” तनू शेवटी म्हणाली. तिने नाक पुसलं, हिरवं पेन घेतलं. “तुझा पॉइंट करेक्ट होता, आई. बेशुद्ध माणूस नाही मागू शकत.” आणि अर्चनाच्या कार्डावर, हिरव्या ओळीच्या खाली, ती लिहायला लागली आणि लिहिता लिहिता वाचायला. लढाईच्या आधी प्रत्येकाने एक नाव सांगून ठेवायचं. जो पडेल त्याच्याकडे त्या नावाचा माणूस न मागता जाऊ शकतो. बाकी कुणी नाही.

“एकच नाव?” मिलिंदने विचारलं.

“एकच. नाहीतर परत कुणाला भीती नाही वाटणार.” तिने कोरी कार्डं वाटली. मिलिंदने डोळे मिटून लिहिलं, सगळ्यांना दिसेल असं, अर्चना. अर्चनाचं पेन कागदावर टेकून थांबलं. आपण पडलो तर कोण, हे तिने खेळात काय, कधीच मनात आणलं नव्हतं. वैदीण पडत नाही. तिने वर पाहिलं तर तनूही लिहीत होती. तनूला लिहायचं कारण नव्हतं, गोष्ट सांगणारा खेळात नसतो. तनूने कार्ड फिरवून आईसमोर सरकवलं. ते हातात येईपर्यंतच्या त्या क्षणात अर्चनाला खात्री होती. इतकी खात्री, की तिचे डोळे आधीच भरून आले.

कार्डावर लिहिलं होतं, ईशिता.

परवा आलेली पोरगी. वरणात साखर घालणारी. अर्चनाला आधी राग आला, अगदी लहान मुलासारखा, आणि तो उतरायच्या आत तिची नजर आपल्या कार्डावर गेली. तिथली पहिली ओळ तनूने बदलली नव्हती. वीस पावलांच्या आत. दोन दारं. एक जिना. तिने ती पावलं मनात चालून पाहिली, कुठल्याच बाजूने लीड्सपासून वीस होत नव्हती. फार दुखलं, आणि दुखत असतानाच तिला मुलीचा अभिमान वाटला. दोन्हीतलं एकही कमी झालं नाही.

ईशितानेही वाकून आपलं नाव वाचलं होतं. “काकू, मला हे... मी कधी केलं नाहीये,” ती म्हणाली. “मी तुम्हाला प्रॉमिस देऊ शकते, पण मला भीती वाटते.”

अर्चना उठली. चहा टाकायला नाही. दारामागच्या खुंटीवरून पर्स आणली, नारिंगी डबी काढली आणि नकाशावर, मिठाच्या खाणीच्या बरोबर मधे, ठेवली. फळांच्या ताटलीतलं एक संत्रं घेतलं, शिवणाच्या डब्यातली जुनी, रिकामी सिरिंज घेतली, नर्सने तिला शिकवलं होतं तसं. मग ईशिताला दाखवलं, डबी कशी फोडायची, पाणी बाटलीत कसं सोडायचं, पावडर विरघळेपर्यंत कसं हलवायचं, मांडीत कुठे, सरळ किती आत, नंतर कुशीवर वळवून लगेच ॲम्ब्युलन्ससाठी नऊ नऊ नऊला फोन. ईशिताने सिरिंज संत्र्यावर धरली. सुईचं टोक सालीवर नाचायला लागलं. तिने हात मागे घेतला, पुन्हा धरला, पुन्हा तेच.

“सॉरी, काकू. माझा हात... अंकल म्हणाले तुमचा तर जरासुद्धा...”

मिलिंद मान हलवत होता, आता तोच ती गोष्ट पुन्हा सांगणार होता. तनू हनुवटी हातावर टेकून बघत होती. अर्चनाने ईशिताच्या मनगटाखाली आपला तळवा धरला, घट्ट नाही, नुसता खाली.

“हात थरथरला तरी औषध जातं,” ती म्हणाली. “माझा इतका थरथरला होता की बाटली पलंगाखाली गेली. मला ती सापडत नव्हती.”